पहिल्या पंगतीतली बाई

“मजा आहे बाई तुमची!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं तोंड उघडलं की ते येणार हे मला आधीच कळतं. बँकेतला कॅशियर म्हणतो, गुडघ्यावर पट्टा बांधताना दवाखान्यातली सिस्टर म्हणते, गंगाखेडच्या स्टँडवरचा चहावाला तर ग्लास पुढे करतानाच म्हणतो. पाठीवरची पिशवी दिसली की लोकांना मजा दिसते. पिशवीत काय आहे ते कोणी विचारत नाही. त्यात बहुतेक वेळा दुखण्याच्या गोळ्या, न वाळलेले मोजे आणि दुसऱ्याच कोणाचं तरी विसरलेलं चष्म्याचं घर असतं. पूर्वी मी हसून “हो ना” म्हणायचे. आता नुसती मान हलवते. तेवढंही पुष्कळ झालं.

मी गंगाखेडला राहते, स्टेशनच्या रस्त्यावर, एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत. खाली पोती उतरवायला लागले की खोलीची फरशी हादरते आणि मिरचीचा ठसका वरपर्यंत येतो. मालकाला माझ्या येण्याजाण्याशी काही देणंघेणं नाही, याच एका गुणावर मी ही खोली इतकी वर्षं धरून ठेवली. बायकांचे गट घेऊन फिरायला जाणं हा माझा धंदा. फिरून आल्यावर त्याबद्दल लिहिणं हा दुसरा. दोन्ही मिळून एका बाईचं नीट चालतं, आणि एकटीचं चालवणं यातच सगळी हयात गेली.

त्याआधी मी परभणीच्या एका कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवायचे. तासिकेवर म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की आपलीही सुट्टी. दर जूनला पुन्हा मुलाखत, टेबलापलीकडे पुन्हा तीच माणसं, पुन्हा तेच “पुढच्या वर्षी बघू, मॅडम.” घरी लग्नाचंही तसंच चाललं होतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, “कळवतो” म्हणून जायचे. दोन्हीकडे कळवण्याची वाट बघता बघता पस्तिशी आली. एका उन्हाळ्यात मला दोन्हींचा एकदमच वीट आला. मुलाखतीला गेले नाही, पाहुण्यांपुढे बसले नाही. एक पिशवी भरली आणि नांदेडच्या एसटीत बसले. तिथून हैदराबाद, तिथून खाली, आणखी खाली. परत आले तेव्हा पावसाळा सरत आला होता, आणि आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण बोलायची नाही.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. म्हणजे मी घरातून बाहेर पडले आणि भावजय घरात आली, एकाच वर्षात. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला वाटलं नव्हतं.

पुढची काही वर्षं मी मिळेल तिथं राहिले. धर्मशाळा, वेटिंग रूम, ओळखीच्या ओळखीची घरं. एका गावात शिवणकामाच्या दुकानात काजं करायला बसले, दुसऱ्या गावात पोरांची हिंदीची शिकवणी घेतली, आणि गाडीभाड्यापुरतं जमलं की पुढे निघाले. रेल्वेत वरच्या बर्थवर पोटावर पालथी पडून लिहायचे. ते एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून यायला लागलं. संपादक बरा माणूस होता, पण त्याची एकच तक्रार असायची: “जरा प्रसन्न लिहा.” ढेकणांबद्दल लिहिलं की तो ढेकूण काढून टाकायचा आणि सूर्योदय ठेवायचा. अशा सूर्योदयांची पुढं पुस्तकंही निघाली. ती वाचून लोक म्हणायला लागले, मजा आहे बाई तुमची.

धंदा मी सुरू केला नाही, तो माझ्या गळ्यात पडला. आमच्या गावातल्या अंगणवाडीच्या ताईंनी एकदा मला रस्त्यात धरलं. “एकटी एकटीच फिरायलाव व्हय? आमालाबी न्या की कुठंतरी. देवाबिवाला नगं, ते हाय म्हातारपणी.” त्यांनी त्यांच्यासारख्या सात-आठजणी जमवल्या आणि मी त्यांना कोकणात समुद्र दाखवायला नेलं. नऊवारी, सहावारी, सगळ्या लाटेत उभ्या. कोणी पाण्याला हळदीकुंकू वाहिलं, कोणी बाटलीत पाणी भरून घेतलं. एकीला म्हशीच्या आठवणीनं रडू आलं. संध्याकाळी एकामागून एक नवऱ्यांचे फोन. चहापत्ती कुठंय, गॅस कुठून बंद करायचा, धाकट्याचा शर्ट सापडेना. परत आल्यावर त्यांनी आपापल्या माहेरी-सासरी सांगितलं, आणि मग गंगाखेडच्या, पाथरीच्या, पार बोरीच्या बायकांचे फोन यायला लागले.

फोनवर मी प्रत्येकीला पहिला प्रश्न एकच विचारते: गाडी लागते का? इतर गोष्टी नंतर. आणि प्रत्येकीकडे याचं पक्कं उत्तर असतं. “एसटीत लागते, जीपमदी न्हाई.” “मागं बसलं की लागते.” “घाटात लागते, सपाटीला काई न्हाई.” “रिकाम्या पोटी लागते.” “नवरा शेजारी बसला की लागते,” असंही एकीनं सांगितलं होतं. या उत्तरांवर मी कोणाला कुठं बसवायचं ते ठरवते. बाकी मी कशात तरबेज झाले असेन तर संडासांत. कोणत्या ढाब्यावरचा चालेल, कोणत्या पेट्रोलपंपावरचा कुलूप लावून ठेवलेला असतो आणि किल्ली कोणाकडे असते, हे मला झोपेतही सांगता येईल. हे पुस्तकात नाही आलं.

एक नियम मात्र मी पहिल्या दिवसापासून पाळला. माझ्या सहलीत बायका आधी जेवायला बसतात. सगळ्या एकदम. वाढायला ड्रायव्हर, क्लीनर, हॉटेलातली माणसं, नाहीतर मी. हे फार सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी बायकांना घास उतरत नाही. कोणी राहिलं का म्हणून मागे वळून बघतात. कोणीतरी उठते आणि पोळ्यांची टोपली उचलते. मग मी ओरडते, “बसा खाली! तुमचं घर नाही हे.” दुसऱ्या दिवशी सैलावतात. तिसऱ्या दिवशी “जराक लोणचं आणा हो” असं पुरुषमाणसाला बसल्या जागेवरून सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याच्यासाठी मी हा धंदा इतकी वर्षं केला. हे म्हटलं तर आमच्या घरातूनच आलेलं. लहानपणी आमच्याकडे आधी पाहुणे, मग घरातले पुरुष, मग पोरं, आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी काय असेल त्यावर बायका. मी शेवटच्या पंगतीत कधी बसणार नाही, असं मी परकरात असल्यापासून ठरवलं होतं.

पण गेल्या दोन वर्षांत मी दमले. कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही. गुडघा दुखायला लागला, ते वेगळं. गुडघ्याला औषध आहे. हे दमणं त्याच्याही आत कुठंतरी होतं. मोबाईलवरच्या ग्रुपवर कोणी “ताई, तिथं थंडी किती असंल?” विचारलं की मला फोन भिंतीवर मारावासा वाटायचा. डोंगर दिसला की आधी चढ दिसायचा. लिहायला बसले की सूर्योदय तर दूरच, ढेकूणही आठवायचा नाही.

या हिवाळ्याच्या तोंडावर हिमाचलचा गट घेऊन परत आले. परभणीला सकाळी उतरलो. फलाटावर प्रत्येकीला न्यायला कोणी ना कोणी आलेलं. नवरा, मुलगा, दीर. नवऱ्यांनी मफलरीतून विचारलं, “झालं का फिरून?” आणि पिशव्या उचलल्या. बायका जाता जाता माझा हात दाबत होत्या, एक-दोघी रडल्या, आणि बघता बघता फलाट मोकळा झाला. मी आणि माझी पिशवी आणि कोणाचा तरी विसरलेला जवसाच्या चटणीचा डबा. मला गंगाखेडला न्यायला कोणी येणार नव्हतं, हे नवीन नव्हतं. मी त्याचा अभिमानच बाळगत आले होते. त्या दिवशी मात्र मी बाकावर बसले ती बसूनच राहिले. पुढची गाडी आली, गेली. उठावं असंच वाटेना. खोलीवर जायचं, कुलूप उघडायचं, कोंदट वास, आणि मग पुढच्या सहलीची तयारी. चटणीचा डबा मांडीवर घेऊन मी स्वतःशी स्पष्ट म्हटलं, की बस झालं. आता घरी जायचं.

घर म्हणजे गाव. आमच्या शेतात विहिरीच्या वरच्या अंगाला एक मुरमाड तुकडा आहे. तिथं काही पिकत नाही, एक कडुनिंब तेवढा आहे. दोन पत्र्याच्या खोल्या तिथं सहज बसतील. मी सगळं मनातल्या मनात बांधूनही टाकलं. दार पूर्वेला, बाहेर बाज, विहिरीच्या मोटारीचा आवाज, सकाळी भावजयीच्या हातचा चहा. सहली बंद, लिहायचं तर ढेकणांबद्दल लिहायचं. अडचण एकच होती. ती जमीन आता माझी नव्हती. वडील गेल्यावर मी तलाठ्याकडे जाऊन माझा हिस्सा भावाच्या नावानं सोडून दिला होता. आमच्याकडे बहिणी तसंच करतात. जमीन सोडायची, म्हणजे माहेर राहतं. मला तर सासरच नव्हतं, तरी मीही रांगेत उभी राहून सही केली, आणि वर पेढे वाटले. कॉलेजात मुलींना हक्क शिकवणारी बाई! आता त्याच जमिनीतला तुकडा मागायचा तर तो मागायचाच होता, सांगता येत नव्हतं.

मागायला मी येळवसेचा दिवस निवडला. आमचा भाग लातूरला लागून, म्हणून आमच्याकडे ही मार्गशीर्षातली अमावस्या दिवाळीपेक्षा मोठी. जिंतूरकडच्या लोकांना तिचं एवढं कौतुक नसतं. त्या दिवशी गंगाखेडच्या बाजारात चिटपाखरू नसतं, सगळं गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले दगड मांडून पूजा करायची, हाळी देत पिकावर आंबील शिंपडायची, आणि मग जेवणं. त्या दिवशी कोणाच्याही शेतात कोणीही जेवतं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवतात, आणि आलेल्याला नाही म्हणत नाहीत. हे नाही न म्हणणं जेवणापुरतं असतं, मला माहीत आहे. पण म्हटलं, बघू.

जीपमधून फाट्यावर उतरले तेव्हा वाटेत चार जणांनी हाक मारून बोलावलं. “आक्का, आमच्याकडं जेवून जावा की!” आमच्या धुऱ्यावर पोचले तर तूर पिवळी पडत आलेली, हरभरा गुडघ्याशी, आणि पलीकडे ऊस. कोपेपाशी भाऊ कोणाला तरी ऊस तोडून देत होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला. “आली का आक्का! म्हणलं यंदा बी हिमालयातच येळवस करतीस का काय.” भावजय चुलीपाशी होती. पाच-पंचवीस माणसांची भज्जी एका पातेल्यात घोटत होती. भज्जी म्हणजे तूर, वाटाणा, वाल, सगळ्या शेंगा आणि सगळा पाला बेसनात शिजवलेला. कडेला बाजरीचे उंडे, खीर, आणि घोंगडीत गुंडाळलेली आंबिलीची बिंदगी, म्हणजे लहान घागर. तिनं पदराला हात पुसले आणि जवळ येऊन विचारलं, “गुडघा कसा हाय?” सगळ्या जगात ही एकटीच अशी, जिनं मला कधी ‘मजा आहे’ म्हटलं नाही.

मी तिच्यासाठी हिमाचलची शाल नेली होती. तिनं ती नाकाशी धरली, घडी न मोडता पिशवीत ठेवली, आणि म्हणाली, “बसा तुमी. सतरंजी टाकलीय.”

सतरंजीवर भावाचे पाहुणे बसले होते. त्याचे गंगाखेडचे डॉक्टर, कारखान्यातला एक साहेब, शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या शेजारी एक ताट मांडलेलं, ते माझं. कप्प्याकप्प्यांचं स्टीलचं ताट, जे आमच्या घरात फक्त पाहुण्यांसाठी काढतात. मी बसले. भावजयीनं मला सगळ्यांच्या आधी वाढलं, डॉक्टरांच्याही आधी. मुख्याध्यापकांनी विचारलं, “मग? आता कुठं दौरा?” साहेब म्हणाले, “मजा आहे बुवा तुमची.” मी मान हलवली.

भज्जीचा पहिला घास घेतला आणि काय झालं ते मला लगेच कळलं. मी पहिल्या पंगतीत होते. पुरुषांच्या रांगेत, पाहुण्यांच्या ताटात, घरच्या सगळ्यांच्या आधी. लहानपणी जे मागितलं होतं ते पुरेपूर मिळालं होतं, आणि मला ते इतकं झोंबलं की घास तसाच तोंडात फिरत राहिला. घरच्या माणसाला कोणी आधी वाढत नाही. आधी वाढतात ते जाणाऱ्याला. जेवला, सुपारी खाल्ली, गेला.

मी अर्ध्यावरच हात धुतला आणि उठून भाकरीची टोपली उचलली. भावजयीनं ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. “राहू द्या, आक्का. तुमाला सवय न्हाई.” ती प्रेमानं म्हणाली, म्हणून जास्त लागलं. मी रोज बायकांना वाढते, महिनोन्महिने वाढते, हे तिला सांगावंसं वाटलं. पण तिथं पैसे घेऊन वाढते, आणि इथं वाढायला घरचा मान लागतो.

मग विहिरीकडे गेले. भाऊ मागून आला. आम्ही दोघं त्या मुरमाड तुकड्यावर उभे राहिलो. कडुनिंब चांगला वाढला होता. मी म्हटलं, “तुझ्याशी जरा बोलायचं होतं.” तो म्हणाला, “बोल की.” तेवढ्यात धुऱ्यावरून हाक आली, आणखी पाहुणे आले होते, गावातली ऊसतोडीला न गेलेली दोन-तीन म्हातारी माणसं. “आलोच,” म्हणून तो पळाला. दुसऱ्यांदा बोलायला गेले तर त्याला आणखी ऊस तोडायला बोलावलं. एवढं सोपं वाक्य, मला इथं दोन खोल्या बांधू दे, पण दिवसभर ते तोंडाशी येऊन परत जात होतं. मी काय परक्या मुलखात राहायला जागा मागितली नाही का आयुष्यभर? अनोळखी दारावर उभी राहून “एक रात राहू का?” असं मी किती भाषांत विचारलंय. सख्ख्या भावापुढे मराठी फुटेना.

ऊन कलायला लागलं तेव्हा पंगती उठल्या. पुरुष उसाच्या सावलीला लवंडले, पोरं हेंडग्यासाठी कडब्याच्या पेंढ्या बांधायला लागली. अंधार पडला की त्या पेटवून शेताभोवती फिरवतात. कोपेत भावजय एकटी, उरलंसुरलं एका जागी करत होती. पूर्वी या वेळेला कोप बायकांनी भरलेली असायची. आई, चुलत्या, शेजारणी, एकमेकींच्या अंगावर रेलून, पातेली मधे ओढून. त्यांचं हसणं विहिरीपर्यंत यायचं. त्या काय बोलायच्या ते मला कधी कळलं नाही, कारण मी तेव्हा शेवटच्या पंगतीत बसायचं नाही असा हट्ट धरून पोरांमधे जेवलेली असायचे. आता आई गेली. ती अंथरुणाला खिळली होती ती वर्षं भावजयीनं काढली. मी येऊन जाऊन होते. तिची पोरगी पाथरीकडे दिली, पोरगा पुण्यात कामाला. म्हणून ती एकटी.

मी वाकून आत गेले आणि तिच्यासमोर खाली बसले. “तुझ्यासोबत जेवते गं. मघाशी नीट जेवण झालंच नाही.”

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग ताट न घेता, एका भाकरीवर भज्जी घालून माझ्या हातात दिली आणि तशीच एक आपल्या हातात घेतली. भज्जी गार झाली होती आणि मघापेक्षा चांगली लागत होती. आम्ही खाल्लं. मला वाटलं, हिलाच सांगावं. भावाला ती सांगेल. घरातल्या अशा गोष्टी अशाच पोचतात.

“आक्का, एक बोलू का?” तीच आधी म्हणाली.

“बोल ना.”

“पुढच्या खेपंला मी यायलेय तुमच्यासोबत.”

मला कळलंच नाही. “कुठं?”

“कुठं बी. तुमी नेताल तिकडं.” ती भाकरीचा तुकडा मोडत होती, वर बघत नव्हती. “आत्याबाई व्हत्या तवर जमण्यासारखं नव्हतं. मग पोरीचं लगन. आता काई न्हाई. जनावरं हे बघतो म्हणले. मी इचारलं त्यास्नी. आधी न्हाईच म्हणले, बायामाणसाला काय करायचंय फिरून. मग म्हणले, आक्कासंगं असंल तर जा. दुसऱ्या कुणासंगं न्हाई.”

“कधीपासून वाटतंय तुला असं?”

“लगन होऊन आले तवापासून.” ती हसली. “मी आले अन् तुमी निघाल्या. आत्याबाई रोज शिव्या द्यायच्या तुमाला. मी भाकरी थापता थापता ऐकायचे अन् म्हणायचे, जगात अशी बी बाई असतीय.”

मी भाकरीवरची भज्जी बोटानं सारखी केली.

“अंगणवाडीच्या ताई सांगायच्या,” ती आवाज खाली आणून म्हणाली, “तिथं म्हणं बायाच पयले जेवत्यात. सगळ्या एका टायमाला. अन् गडी वाढत्यात. खरं हाय का हो?”

“खरं आहे.”

“गरम?”

“गरम.”

“मला समुदर नगं, डोंगर नगं. दिसला तर बघंन. पर तसं एकदा जेवायचंय, आक्का. बसून.”

कोपेच्या दारातून कडुनिंब दिसत होता. मी दिवसभर त्याच्याखाली दोन खोल्या उभ्या करत होते आणि तिच्या हातच्या चहावर माझी सकाळ लावत होते. ती तिकडे माझ्या गाडीत आपली जागा धरून बसली होती, वीसेक वर्षं. मी थांबले तर तिला दुसऱ्या कोणाबरोबर कोणी जाऊ देणार नव्हतं. ‘आक्कासंगं असंल तर’, एवढाच तिचा परवाना. मला तिचा राग आला. खरंच आला. इतक्या दिवसांत एकदा सांगितलं असतंस, माझ्या अंगात त्राण होतं तेव्हा, असं तिला म्हणावंसं वाटलं. मग तिचे हात दिसले, भज्जी घोटून घोटून मनगटाशी सुजलेले, आणि राग कुठं ठेवावा ते कळेना.

तिनं खिरीचं पातेलं जवळ ओढलं आणि उलथन्यानं तळ खरवडायला लागली. गव्हाची खीर तळाला लागते, तांबूस, करपट, गुळानं चिकट झालेली. त्यातली मोठी खपली तिनं माझ्यापुढे धरली.

“घ्या. ही पाव्हण्याला देत न्हाईत.”

मी ती खाल्ली. मला रडू आलं. आवरता येईना, म्हणून भज्जी तिखट झालीय म्हटलं. तिनं आंबिलीचा तांब्या पुढे केला.

“हे म्हणायले,” ती म्हणाली, “तुमाला काईतरी बोलायचं व्हतं म्हणून. दोनदा आल्या म्हणं.”

“काही नाही. असंच.”

बाहेर भाऊ कोणाला तरी हेंडग्याच्या पेंढ्या नीट आवळायला सांगत होता. मी तांब्या खाली ठेवला, हात पदराला नाही तर जॅकेटला पुसले, कारण पदर नव्हता. गुडघा धरला होता. पुढचा गट कधीचा, कुठं न्यायचा, हे अजून काहीच ठरलेलं नव्हतं, आणि ठरवायची इच्छाही नव्हती. तरी सवयीनं तोंडातून तोच प्रश्न निघाला, जो मी सगळ्यांना विचारते.

“गाडी लागते का गं तुला?”

उलथनं हातात तसंच धरून ती थांबली. बोरीच्या, पाथरीच्या, सगळ्या बायका याचं उत्तर पटकन देतात. ती विचार करत राहिली.

“काय म्हाईत, आक्का,” ती म्हणाली. “लागंल इतकं लांब मी कवा गेलेच न्हाई.”